जि. पू. खा.

आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत सुतळीने बांधलेली पोस्टकार्डांची एक जुडी होती आणि त्यातल्या प्रत्येक कार्डावर पत्त्याची शेवटची ओळ एकच होती : ‘ता. एरंडोल, जि. पू. खा.’ हा खाण्याचाच काहीतरी प्रकार असावा, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. पुढे कळले की ते ‘पूर्व खान्देश’. १९०६ साली इंग्रजांनी खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर पूर्वेचा जळगाव जिल्हा झाला, पश्चिमेचा धुळे, आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. म्हणजे साठाहून अधिक वर्षे झाली, खान्देश नावाचा जिल्हा सरकारी कागदावर नाही. तरीही भरीत खान्देशी असते, शेवभाजी खान्देशी असते, आणि पुण्यात नोकरीला गेलेला आमचा मुलगा ‘कुठला?’ या प्रश्नाला आधी ‘खान्देश’ असेच उत्तर देतो. जिल्हा नंतर येतो.

हे नाव पुसण्याचा एक मोठा प्रयत्न पूर्वीही होऊन गेला आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस तापीकाठच्या थाळनेरला फारुकी घराण्याचे राज्य उभे राहिले आणि ते दोनशेहून अधिक वर्षे टिकले. १६०१ मध्ये अकबराने अशीरगड घेतला, तेव्हा ते संपले. बादशहाने आपल्या दानियाल नावाच्या मुलाकडे हा मुलूख सोपवला आणि त्याच्या नावावरून त्याला ‘दानदेश’ म्हणायचे ठरवले. किल्ला पडला, पण नाव रुजले नाही. थाळनेरला फारुकींच्या कबरींपाशी उभे राहिले की मला अकबराच्या या एका पराभवाची आठवण होते.

याउलट, ज्याने असा कोणताही हुकूम काढल्याचे माझ्या वाचनात नाही, तो आउट्रम आमच्या रोजच्या बोलण्यात ठाण मांडून बसला आहे. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम नावाच्या तरुण अधिकाऱ्याने धरणगावला भिल्लांची पलटण उभी केली. चाळीसगावहून कन्नडकडे चढणाऱ्या घाटाला त्याचेच नाव आहे. घाटात वाहतूक तुंबली की चाळीसगावच्या स्टँडवर ‘औटराम घाट बंद आहे’ असे कंडक्टर सांगतो आणि त्या ‘राम’मुळे हे नाव कोणा साहेबाचे असेल अशी शंकाही कोणाला येत नाही. माझ्या एका मावशींची तर रामरायाने वनवासात हाच घाट ओलांडला अशी श्रद्धा आहे, आणि ती मोडण्याचे पाप मी अजून केलेले नाही.

त्याच चाळीसगावजवळ डोंगराच्या कुशीत पाटणादेवीचे स्थान आहे. तिथल्या शके ११२८ च्या, म्हणजे सुमारे १२०७ सालच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची आणि त्या मठाला मिळालेल्या दानांची नोंद आहे. गणिताचे प्रेमी त्या लेखापुढे नतमस्तक होतात, ते योग्यच आहे. मी मात्र अडकलो तो त्याच्या शेवटच्या, मराठी भागात. पेठेत विकायला येणाऱ्या मालाला तिथे ‘केणें’ म्हटले आहे, आणि जितके घाणे असतील तितक्यांनी मठाला ‘पळी पळी’ तेल द्यावे असे नेमून दिले आहे. आठशे वर्षांपूर्वी भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ची आणि ग्रहगतीची आकडेमोड ज्या दिव्यांच्या उजेडात चालली असेल, त्यांत घाण्याघाण्यावरून आलेले हे पळीभर तेल जळत असणार. ‘केणें’ गेले, पण पळी आमच्या स्वयंपाकघरात अजून आहे. हा मजकूर वाचून आलो त्या संध्याकाळी कळण्याच्या भाकरीवर घरच्यांनी पळीने तेल सोडले, तेव्हा मी ती पळी जरा जास्तच वेळ पाहत राहिलो असेन, कारण ‘तेल कमी पडले का?’ असे मला विचारण्यात आले.

सगळेच शब्द असे नशीबवान नसतात. साक्री आणि धुळे तालुक्यांत पांझरा नदीवर जुने दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्याचे पाणी पाटाने शिवारात यायचे, शिवाराचे फड पाडलेले असायचे आणि एका फडात सर्वांनी मिळून एकच पीक घ्यायचे, म्हणजे पाणी एकदमच देता यायचे आणि कोणाच्या उसाचे पाणी शेजारच्या बाजरीत शिरून भांडण व्हायचे नाही. पाटाची निगा राखणारा पाटकरी, शेताला पाणी देणारा बारेकरी, पिकाची राखण करणारा जागल्या आणि या सगळ्यांवर हवालदार, अशी माणसे गावानेच नेमलेली असत. पुढे नद्यांवर वरच्या अंगाला धरणे झाली, खाली विहिरी आणि मोटारी आल्या आणि ज्याचा त्याचा पाणीपुरवठा स्वतंत्र झाला. एका बंधाऱ्यापाशी भेटलेल्या वयस्कर आप्पांना मी पाण्याच्या बारीविषयी विचारले, तेव्हा त्यांनी हातातला विळा खाली न ठेवताच उत्तर दिले, ‘‘आते बारी कसानी, भाऊ?’’ आता पाळी कसली, हा त्यांचा सवाल होता, आणि त्यानंतर ते गवत कापू लागले.

धुळे शहराची गंमत निराळी आहे. पेशवाई बुडाल्यावर कॅप्टन ब्रिग्ज याने इथे ठाणे केले आणि सरळ रेषेत नवी पेठ आखली. आजही जुन्या धुळ्याचे पत्ते ‘गल्ली नंबर चार’, ‘गल्ली नंबर पाच’ असेच सांगितले जातात. गावांच्या नावांची मुळे खणून काढण्याचा नाद असलेले इतिहासाचार्य राजवाडे आयुष्याच्या अखेरीस याच शहरात राहिले आणि १९२६ मध्ये इथेच वारले. नुसत्या आकड्याची व्युत्पत्ती लावायची वेळ त्यांच्यावर आली असती, तर ते काय म्हणाले असते, याची मला उत्सुकता आहे.

मागच्या दिवाळीत मी धुळ्याच्या आत्यांना एक पोस्टकार्ड पाठवले आणि गमतीने पत्त्याच्या शेवटी ‘जि. प. खा.’ असे लिहिले. पश्चिम खान्देश. कार्ड पाचव्या दिवशी पोचले. आत्यांचा फोन आला, तेव्हा त्या हसतील, निदान आठवणीने हळव्या होतील, अशी माझी अपेक्षा होती. त्या म्हणाल्या, ‘‘पत्ता चुकवलास रे. आमची गल्ली चार नंबरची नाही, पाच नंबरची.’’