बाडेन-बाडेन ते फ्रॉइडनश्टाट: बुंडेसश्ट्रासे (संघीय महामार्ग) ५०० वरील प्रवास

जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधील सुमारे साठ किलोमीटरचा हा डोंगरमाथ्यावरचा रस्ता बाडेन-बाडेनहूनच सुरू करावा. तेथे वाहने उजव्या बाजूने चालतात आणि ऱ्हाईनचे खोरे पश्चिमेला आहे. त्यामुळे दक्षिणेकडे जाताना दरी आपल्याच बाजूला राहते आणि समोरून येणारी वाहने न ओलांडता थांबता येते. हवा स्वच्छ असेल, तर खोऱ्यापलीकडे फ्रान्समधील व्होज पर्वतरांग दिसते.

माथ्यावरील हवा खाण्यासाठी येणाऱ्या श्रीमंतांची आरोग्यधामे येथे आधीपासून होती. त्यांना जोडणारा सलग रस्ता १९३० च्या दशकात आकाराला येऊ लागला आणि फ्रान्सची सीमा जवळ असल्याने पुढे त्याला लष्करी महत्त्वही आले. त्या आरोग्यधामांपैकी काही भव्य वास्तू आज बंद पडलेल्या पाहून मन खिन्न होते.

१,०३६ मीटर उंचीवरील मुमेलझे तलावापाशी सुट्टीच्या दिवशी फार गर्दी उसळते, म्हणून तेथे सकाळी लवकर पोहोचावे आणि तसेच चढून हॉर्निसग्रिंडे हे ११६४ मीटरचे शिखर गाठावे. मला मात्र सर्वाधिक भावली ती रूहेश्टाइन खिंडीच्या पुढची लोथारफाड ही जेमतेम किलोमीटरभराची पायवाट. २६ डिसेंबर १९९९ रोजी लोथार वादळाने येथील जंगल आडवे केले. या पट्ट्यातील झाडे न उचलता तशीच राहू दिली आहेत. लाकडी पायऱ्यांवरून जाताना कुजणाऱ्या खोडांवर शेवाळ आणि त्यांच्यामधून वर आलेली नवी झाडे अगदी हाताच्या अंतरावर दिसतात. ओल्या फळ्या निसरड्या होतात, तेव्हा चांगले बूट घालावेत.

फ्रॉइडनश्टाटनंतर हा महामार्ग संपला असे समजू नये. त्याचा दुसरा तुकडा ट्रीबेर्गपासून फुर्टवांगेन, टिटिझे आणि श्लुखझेमार्गे ऱ्हाईनकाठच्या वाल्ड्सहूटपर्यंत जातो. मधला भाग मात्र जोडलाच गेलेला नाही. फ्रॉइडनश्टाटहून दुसऱ्या तुकड्याकडे जाण्यासाठी २९४ क्रमांकाच्या रस्त्याने हाउसाखपर्यंत आणि पुढे ३३ क्रमांकाने ट्रीबेर्गला जावे. नकाशात केवळ ५०० हा आकडा शोधत बसणाऱ्याची येथे फसगत होते.

या रस्त्यावर मोटारीला टोल नाही. शहरात उकाडा असला तरी माथ्यासाठी स्वेटर जवळ ठेवावा. हिवाळ्यात बर्फ असताना योग्य टायर कायद्यानेच बंधनकारक आहेत, त्यामुळे भाड्याची गाडी घेताना त्याची खात्री करून घ्यावी.