सुरी उलटी करून पाहा

जपानी सुऱ्या जमवणारा नवखा माणूस आधी भाळतो ती पात्यावरच्या लाटांच्या नक्षीवर. ही नक्षी बाहेरच्या मऊ थरांची. कापण्याचे काम आत दडलेले कडक पोलाद करते आणि त्याच्या गुणाशी नक्षीचा काही संबंध नसतो. त्यामुळे माशाचे काप काढायची लांबलचक यानागिबा किंवा मासा साफ करायची जाडजूड देबा हाती आली, की ती आधी उलटी करावी.

या सुऱ्यांना धार एकाच बाजूने असते. मागची बाजू किंचित खोलगट घासलेली असते, म्हणून काप पात्याला चिकटत नाही. खोलगटाच्या कडेने एक अरुंद सपाट पट्टी धावते. ती सगळीकडे सारख्या रुंदीची असेल तर घासणाऱ्याचा हात चांगला. मध्येच रुंद, मध्येच गायब असेल तर पाते पिळलेले असण्याची शक्यता. जुन्या सुरीत पट्टी फार रुंद झाली असेल तर सुरीचे आयुष्य बरेचसे धारेच्या दगडावर गेले आहे. सुऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जपानच्या साकाई शहरात घडवणारा लोहार वेगळा, धार काढणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. पाते कोणी घडवले एवढेच विचारून भागत नाही.

पोलादाचे म्हणाल, तर शिरोगामी म्हणजे पांढरा कागद आणि आओगामी म्हणजे निळा. शिमाने प्रांतातल्या यासुगीचे हे पोलाद. नावे गुंडाळायच्या कागदाच्या रंगावरून पडली. पांढऱ्याच्या क्रमांक दोन या प्रतीत साधारण १.०५ ते १.१५ टक्के कार्बन असतो आणि त्याला धार चटकन लागते. निळ्यात क्रोमियम आणि टंगस्टन घालतात. धार जास्त टिकते, पण लावायला वेळ जातो. गंजतात दोन्ही. विळीवर कैरी चिरली की पाते काळे पडते, तसेच इथेही होते. त्या काळसर थराला घाबरू नये. तांबूस गंज मात्र लगेच काढावा. एकाच पोलादाची, मातीचा लेप देऊन पाण्यात विझवलेली होनयाकी सुरी संग्रहात पहिली नको. पाणी देतानाच कित्येक पाती तडकतात, म्हणून ती महाग. कडक असल्याने टवकेही लवकर उडतात.

धार लावताना सर्वाधिक नुकसानही मागच्याच बाजूचे होते. १००० नंबरच्या दगडावर समोरचा उतार पूर्ण टेकवून घासावा. मागे बोटाला खरखरीत कड टोकापासून मुठीपर्यंत लागली की थांबावे. मग पाते उलटे सपाट ठेवून बारीक दगडावर तीन-चार हलके हात पुरेत. हौसेने मागची बाजू खरबरीत दगडावर घासत बसले, की खोलगटपणा जातो आणि तो घरी परत आणता येत नाही.

हाडे, गोठलेले मांस आणि भोपळ्यात अडकलेले पाते पिळणे, या तिन्हींनी टवके उडतात. लाकडी म्यान दिसते छान, पण पावसाळ्यात ते ओल धरते. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याने पाते कोरडे पुसून, कामेलियाच्या तेलाचा पातळ हात फिरवून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवावे आणि म्यान वेगळे.