दंडाला आठवड्याला किती सेट? सात महिने अडकल्यावर केलेला हिशोब

सात महिने माझ्या दंडाचा घेर सव्वातेरा इंचांवर अडून बसला होता. दर रविवारी सकाळी, चहाच्या आधी, शिंप्याची टेप घ्यायची, उजव्या हाताची बेटकुळी काढायची आणि तोच आकडा लिहायचा. त्या सात महिन्यांचा राग अजून गेलेला नाही, कारण मी एकही शनिवार चुकवला नव्हता.

आमच्या जिममध्ये शनिवार म्हणजे आर्म्स डे. सुरुवातीला मी बायसेपचे (दंडाचा पुढचा स्नायू) सहा आणि ट्रायसेपचे (मागचा स्नायू) सहा सेट मारायचो; सेट म्हणजे न थांबता केलेली एक फेरी. वाढ का होत नाही म्हणून ट्रेनरना विचारलं, तर म्हणाले, "कमी पडतोय तू. एक व्यायाम वाढव." वाढवला. नऊ-नऊ सेट झाले. पुढे उजव्या कोपराची आतली बाजू दुखायला लागली आणि दुधाची पिशवी उचलतानाही कळ येऊ लागली.

फिजिओथेरपिस्ट मॅडमनी कोपर दाबून पाहिलं आणि विचारलं, "आठवड्याचे हाताचे एकूण सेट किती होतात?" मी म्हटलं, नऊ आणि नऊ. त्या म्हणाल्या, "ते शनिवारचे झाले. मी आठवड्याचे विचारतेय." मला सांगता येईना.

त्या रात्री वही घेऊन बसलो. सोमवारी चेस्ट-ट्रायसेप, मंगळवारी बॅक-बायसेप, गुरुवारी शोल्डर, शनिवारी आर्म्स. मंगळवारीही बायसेपचे नऊ आणि सोमवारी ट्रायसेपचे नऊ सेट होतेच, म्हणजे दोन्हींचे थेट सेट झाले अठरा-अठरा. पण लॅट पुलडाउनचे चार, रोइंगचे चार, पुलअपचे तीन, हे अकरा सेट कुठे धरायचे? ओढताना कोपर वाकतं, म्हणजे बायसेप काम करतोच. तसंच बेंच, इन्क्लाइन, डिप्स आणि शोल्डर प्रेस या ढकलण्याच्या व्यायामांचे मिळून पंधरा सेट ट्रायसेपवरही पडत होते. ते मी कधीच मोजले नव्हते, आणि मोजायला मला कुणी सांगितलंही नव्हतं.

पूर्ण धरावेत की सोडून द्यावेत, यावर मी दोन आठवडे घालवले. शेवटी बरेच जण वापरतात तीच रीत धरली: असा सेट अर्धा मोजायचा. हा निसर्गाचा नियम नाही, पण हिशोब सुटतो. बायसेप अठरा अधिक साडेपाच, म्हणजे साडेतेवीस. ट्रायसेप अठरा अधिक साडेसात, म्हणजे साडेपंचवीस. आणि मला सांगितलं जात होतं की मी कमी पडतोय!

२०१७ साली व्यायाम-संशोधक ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी १५ अभ्यास एकत्र करून पाहिले होते. एका स्नायूला आठवड्याला दहा किंवा जास्त सेट देणाऱ्यांची वाढ पाचपेक्षा कमी सेटवाल्यांपेक्षा जास्त दिसली. दहाच्या पुढे ती किती सेटांपर्यंत वाढत जाते, हे त्यातून ठरत नाही. मी दुपटीच्याही पुढे होतो, तरी टेप हलत नव्हती.

खरं कारण एका संध्याकाळी कळलं. नेहमी दहा किलोच्या डंबेलने बारा कर्ल (कोपर वाकवून वजन वर उचलणं) मारून मी थांबायचो. त्या दिवशी मित्र समोर उभा राहिला आणि म्हणाला, "आज आकडा मोजू नकोस, उठेल तोवर मार." पाठ न झुलवता एकोणीस झाले. विसावा अर्ध्यात थांबला, मनगट थरथरत होतं. म्हणजे रोजच्या सेटमध्ये मी सात रेप्स (उचलण्याच्या खेपा) शिल्लक ठेवून डंबेल खाली ठेवत होतो. असे अठरा सेट मारून घाम आला, पंप (स्नायू तेवढ्यापुरता फुगणं) आला, वाढ आली नाही. म्हणून सेट मोजायचे तर शेवटी एक-दोन रेप्सच शिल्लक राहतील तेच मोजा. बाकीचे वॉर्मअपमध्ये धरा.

मग कापाकापी केली. बायसेपचे थेट सेट आठ, ट्रायसेपचे सहा. दोन्हीकडे एकूण साडेतेरा. शनिवार रद्द, हे सेट दोन दिवसांत वाटले. सरळ रॉड सोडून झिगझॅग रॉड धरला, कोपराला त्याचाही फरक पडला. दुखणं असेल तर आधी दाखवून घ्या, मी दोन महिने अंगावर काढलं ते चुकलं.

टेपबद्दल राहिलंच: व्यायामानंतर मोजू नका, पंपमुळे घेर फुगलेला असतो. आणि दंडाचा मोठा भाग ट्रायसेपचा असतो, त्यामुळे नुसत्या कर्लवर घेर वाढवायला बघू नका. ट्रायसेपचा लांब भाग खांद्यावरून जातो, म्हणून मी सहापैकी तीन सेट हात डोक्यावर नेऊन करतो.

चार महिन्यांनी टेप साडेतेरावर आली. पाव इंच! ती रेष मी आईला दोनदा दाखवली. आता बायसेपला दोनच सेट वाढवलेत, सहा आठवड्यांसाठी. मधेच कोपर कुरकुरलं तर परत आठवर येणार. पुढची नोंद रविवारी.