जनरेटरची लाईन आणि शनिवारचं कालवण

गेल्या डिसेंबरात अलिबागजवळच्या एका हॉटेलात 42 माणसांच्या शब्बाथचं, म्हणजे यहुद्यांच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचं, काम माझ्याकडे होतं. मशगियाह म्हणून, म्हणजे स्वयंपाकघर यहुदी कायद्याप्रमाणे चालतंय ना, यावर डोळ्यात तेल घालून बसणारा माणूस म्हणून. मंडळी इस्राएलमधल्या दिमोना आणि अश्दोदची, सगळी बेने इस्राएल, म्हणजे मूळची कोकणातली यहुदी. म्हातारी माणसं अस्खलित कोकणी वळणाचं मराठी बोलणारी, नातवंडं हिब्रू. रविवारी नवगावचं जुनं कब्रस्तान, इस्राएल आळीतलं मागेन आबोथ सिनेगॉग आणि सागाव-खंडाळ्याचा एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचा खडक पाहायचा होता. शब्बाथला गाडीत बसता येत नाही, म्हणून शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र मुक्काम हॉटेलातच.

कोशेर, म्हणजे यहुदी कायद्याला चालणारं, करायचं म्हणजे रब्बींनी (धर्मगुरूंनी) येऊन प्रार्थना म्हणायची, असा समज हॉटेलांत सर्रास आहे. प्रत्यक्षात ते पाण्याचं, उष्णतेचं आणि कुलपांचं काम आहे. बँक्वेटचं छोटं किचन मंगळवारी रात्री बंद करून किल्ली माझ्याकडे घेतली, कारण भांडं उकळून शुद्ध करायचं तर आधी निदान 24 तास ते वापरात नसावं लागतं. गुरुवारी हगाला, म्हणजे उकळून शुद्ध करणं. लहान भांडी खळखळ उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवायची. पाण्याचा उकळा मोडला तर परत येईपर्यंत थांबायचं. मग गार पाण्यात. 40 लिटरचा टोप कशात बुडवणार? तो काठोकाठ भरून उकळायचा आणि त्यात लाल तापवलेला दगड सोडायचा, म्हणजे उकळतं पाणी उसळून काठावरून चारी बाजूंनी बाहेर ओघळतं. काठालाही तीच उष्णता मिळाली पाहिजे. बहुतेक ठिकाणी चुकतं ते इथे: हँडलच्या रिव्हेटखाली, झाकणाच्या दुमडलेल्या कडेत जुनं तूप-तेल बसलेलं असतं आणि ते घासून निघाल्याशिवाय उकळण्याला काही अर्थ नसतो. चिनीमातीची भांडी उकळून शुद्ध होत नाहीत, ती सरळ कपाटात बंद केली. आमच्या यहुदी मंडळींनी स्वतःच्या पैशांनी घेतलेले नवे स्टीलचे डाव आणि सुऱ्या समुद्रात बुडवून आणल्या. समुद्र हा सगळ्यात निर्विवाद मिकवे, म्हणजे शुद्धीसाठी बुडवायचं पाणी. हॉटेलच्या मालकीच्या भांड्यांना ही अट नाही.

शेफ हाताचा चांगला, पण यहुदी नव्हता. बेने इस्राएल सेफार्दी, म्हणजे मुळात स्पेनच्या आणि पूर्वेकडच्या यहुद्यांच्या, पद्धतीने चालतात, आणि त्या पद्धतीत यहुदी माणसाने नुसता गॅस पेटवून भागत नाही, टोपही त्यानेच विस्तवावर ठेवावा लागतो. फोडणी, मसाला, चव सगळं शेफचं. टोप चढवायचा मी. मटण-चिकन मुंबईहून दुहेरी सील लावून आलं होतं. फ्लॉवर मी नाकारला, त्यातली कीड 42 माणसांच्या प्रमाणात तपासून होत नाही. त्याऐवजी वालाचं बिरडं ठरलं. वाल सोलताना डाळिंबी न् डाळिंबी हातातून जाते, भुंगा लपत नाही.

शब्बाथ लागल्यावर शिजवता येत नाही, विस्तव कमी-जास्त करता येत नाही, बटण दाबता येत नाही. डिसेंबरात अलिबागला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्याच्या 18 मिनिटं आधी बायका दिवे लावतात. तोवर सगळं पूर्ण शिजलेलं आणि शनिवार दुपारपर्यंत गरम राहील असं मांडलेलं हवं. दोन गॅसवर जाड अॅल्युमिनियमचा पत्रा टाकला, बटणंही झाकली जातील असा वाकवून. त्यावर वालाचं बिरडं आणि मटण. नारळाच्या रसातलं चिकनचं कालवण मात्र गॅसवर रात्रभर फाटतं, म्हणून ते अडीच इंची ट्रेमध्ये ओतून, फॉईलने घट्ट बांधून, इलेक्ट्रिक हॉटप्लेटवर. शेजारी पुलाव आणि तळलेला रावस. चहा फ्लास्कमध्ये, दुधाशिवाय. खोल्यांच्या कार्डाच्या कुलपांची जीभ टेपने दाबली, कॉरिडॉरचे माणूस पाहून पेटणारे दिवे कायम चालू ठेवून घेतले, टिश्यू आधीच फाडून ठेवले. हॉटेलच्या इंजिनिअरला मी गुरुवारी विचारलं होतं, पॅन्ट्रीचे सॉकेट जनरेटरवर, म्हणजे डीजीवर, आहेत ना? "सगळं डीजीवर आहे," असं ठाम उत्तर मिळालं. पॅन्ट्रीतला एकच सॉकेट डीजीवर होता, फ्रिजचा.

शनिवारी सकाळी आठच्या आत लाईट गेली. आम्ही सगळे हॉलमध्ये तेफिल्लात, म्हणजे प्रार्थनेत. खोल्यांचे पंखे जनरेटरवर सुरूच होते, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. साडेदहाला मी पॅन्ट्रीत आलो तेव्हा हॉटप्लेटची वायर पिवळ्या एक्स्टेंशन बोर्डातून फ्रिजच्या सॉकेटला गेलेली. किचनमधला तरुण हेल्पर बाजूला उभा.

"सर, लाईट गेली होती. कालवण कोमट झालं होतं. मी डीजीच्या लाईनवर जोडून दिलं, आता गरम राहील."

त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मन लावून काम करणारा माणूस जे करील तेच त्याने केलं. नेमका हाच प्रकार मिश्ना या प्राचीन यहुदी कायदेग्रंथाच्या शब्बाथ प्रकरणात 16:8 ला आहे. परक्या, म्हणजे यहुदी नसलेल्या, माणसाने स्वतःसाठी दिवा लावला तर यहुद्याने त्या उजेडात बसावं. यहुद्यासाठी लावला तर नाही. रब्बान गम्लिएल हे जुने धर्मपंडित जहाजातून आले तेव्हा परक्या माणसाने उतरायला फळी लावली आणि तेही त्यावरून उतरले, कारण ती त्यांच्यासाठी लावलेली नव्हती. इथे प्लेट आमच्यासाठीच जोडली होती.

पण अन्नाअन्नात फरक आहे. पुलाव आणि रावस कोरडे, पूर्ण शिजलेले. कोरड्या पदार्थाला एकदा शिजल्यावर पुन्हा 'शिजणं' नाही. ते ट्रे उतरवून गार होऊ दिले, म्हणजे वायर जोडल्याने आलेली ऊब निघून गेली, आणि वाढले. बिरडं आणि मटण गॅसवर होतं, त्याचा विजेशी संबंध नव्हता. पत्र्यावरून खाली उतरवून मगच डाव घातला, कारण विस्तवावर असताना ढवळायचं नाही.

प्रश्न उरला रश्श्याचा. पातळ पदार्थ निवला आणि पुन्हा तापवला तर शुल्हान आरूख या यहुदी कायदेसंग्रहाच्या मते ते नव्याने शिजवणं आहे. निवला म्हणजे किती? हात आपोआप मागे खेचला जाईल त्या उष्णतेच्या खाली. तान्ह्या बाळाचं पोट भाजेल, हे तलमूद या मिश्नावरच्या जुन्या चर्चाग्रंथातलं माप. व्यवहारात 45 अंशांच्या आसपास धरतात. अश्केनाझी, म्हणजे मुळात युरोपातल्या यहुद्यांचं, मत सैल आहे, थोडी ऊब शिल्लक असली तरी पुरे. हेल्परने वायर जोडली त्या क्षणी रस्सा किती गरम होता, हे सांगणारा साक्षीदार एकटा तोच. मी विचारलं, ट्रेला हात लावला तेव्हा हात ठेवता येत होता का? "आरामात, सर." सगळा निकाल त्या 'आरामात'वर आला.

गार करून वाढणं कायद्यात बसलं असतं, कारण गार केलं की फायदा उरत नाही. तिथे शेफ आडवा आला, आणि त्याचं बरोबर होतं: नारळाच्या रसातलं चिकन एकदा कोमट होऊन पुन्हा तापलेलं, ते परत निववून पाहुण्यांना द्यायचं नाही. गरम द्यायला कायदा नाही म्हणत होता, गार द्यायला किचनची स्वच्छता. मी ट्रे तसेच झाकून ठेवले आणि कालवण ताटात येणार नाही असं सांगितलं.

दिमोनाच्या एका आजींनी ते सहजासहजी ऐकून घेतलं नाही. "शुक्रवारीच शिजलंय ते. कोमट होतं तरी आम्ही खाल्लंच असतं की! त्या पोराने फक्त ऊब वाढवली." हा युक्तिवाद कच्चा नाही. दिवा जळत असताना परक्याने त्यात तेल ओतलं, तर मूळचं तेल पुरलं असतं तेवढा वेळ त्या उजेडाचा उपयोग करता येतो. त्याच धर्तीवर कालवण आधीच खाण्याजोगं होतं. मग त्या पुढे म्हणाल्या, "1964 पर्यंत आमचं यहुदीपणच तपासत बसले होते. आता ताटातही तपासा." इस्राएलच्या रब्बींनी यहुदीपणावर शंका घेऊन ज्यांची लग्नं अडवली, त्या पिढीतल्या बाईचं बोलणं ते. त्यावर मी काहीच बोललो नाही.

शब्बाथला फोन नाही. ज्या माणसाला विचारायचं तो फोनच्या पलीकडे असतो आणि निकाल पंधरा मिनिटांत द्यायचा असतो. या कामाचा सगळ्यात कठीण भाग हाच आहे, आणि सहलवाले शेवटच्या आठवड्यात मेन्यू पाठवतात तेव्हा त्यांना याची कल्पना नसते.

साडेसहाच्या सुमारास तीन तारे दिसले, हब्दाला, म्हणजे शब्बाथ संपवण्याचा विधी, झाला. प्लेट जोडून रस्सा तापायला जितका वेळ गेला असता तितकं थांबून ट्रे उघडले. प्लेटवर दिवसभर गरम राहिलेलं कालवण थोडं फाटलं होतं, तरी रात्री संपलं. वॉचमनचं जनरेटरचं रजिस्टर मी तेव्हाच पाहिलं, शब्बाथला असले कागद वाचायचे नसतात. डीजी सुरू 7:50, बंद 10:15. म्हणजे हेल्परने दहाला दहा कमी असताना वायर हलवली नसती, तर पंचवीस मिनिटांनी मूळच्या सॉकेटला वीज आपोआप आली असती आणि तेच कालवण, त्याच प्लेटवर, कुणाचाही हात न लागता गरम झालं असतं. ते मी निश्चिंत मनाने वाढलं असतं.

रात्री दोन रब्बींना फोन केला. एकांनी आजींचं म्हणणं उचलून धरलं: कोमट खाण्याजोगं होतं, वाढायला हरकत नव्हती. दुसऱ्यांनी विचारलं, मंडळी कुठल्या पद्धतीची? सेफार्दी म्हटल्यावर म्हणाले, मग ठेवलंत ते योग्य. दोघांचीही कारणं मला पटतात, आणि ती दोन्ही एका ताटात बसत नाहीत.

त्या हेल्परला रविवारी सगळं समजावलं. त्याने एकच विचारलं: "मग पुढच्या वेळी लाईट गेली तर मी बघत उभं राहू?" हो, असं सांगावं लागलं. आता पॅन्ट्रीचा प्रत्येक सॉकेट मी गुरुवारी स्वतः मेन पाडून, डीजीवर दिवा लावून तपासतो, आणि नारळाच्या रसाचं काहीही शनिवारच्या जेवणात घेत नाही.