सत्तावीस की बहात्तर

मंगळवार, रात्री

पाऊस आजही उघडला नाही. बेळगावच्या वडगावात आमच्या गल्लीतले माग बंद झाले, तेव्हा कुठं घरात एकमेकांचं बोलणं ऐकू आलं. मग लेकीची वही काढली. दुसरीला आहे, मराठी शाळेत. मी अंक सांगायचे, तिनं लिहायचे.

सत्तावीस म्हटलं, तिनं लिहिलं ७२. सदतीसला ७३. एकोणचाळीसला तर ४१! सलग तिसऱ्या दिवशी हेच, मग माझा आवाज चढला. ती काही बोलली नाही. खोडरबरानं घासत बसली, घासत बसली, शेवटी ४१ च्या जागी कागदाला भोक पडलं. ह्यांनी पेपरातून मान वर करून माझ्याकडं बघितलं, एवढंच. मी वही मिटवून टाकली.

बुधवार

संध्याकाळी तिला बोलवायला शेजारच्या अज्जींकडं गेले. अज्जी कन्नड बोलणाऱ्या, मराठी समजतं पण बोलायचा कंटाळा. त्या मागासाठी सूत भरलेल्या कांड्या टोपलीत टाकत होत्या आणि आमची बाई ऐटीत मोजत होती, ‘इप्पत्तैदु, इप्पत्तारु, इप्पत्तेळु.’ मोजून झालं आणि खडूनं फरशीवर आकडा लिहिला. २७. बरोबर!

मी उंबऱ्यातच थांबले. इप्पत्तु म्हणजे वीस, एळु म्हणजे सात. कानावर आधी वीस पडतं, हातही आधी २ च काढतो. आमच्या सत्तावीसात सात आधी. ती ऐकलं तसंच लिहीत होती की! एकोणचाळीसमध्ये एक ऐकू येतो, चाळीस ऐकू येतात, मग ४१ लिहिलं तर पोरीचं काय चुकलं? ‘चाळीसला एक कमी’ हे तिला मी कधी फोडून सांगितलंच नव्हतं.

२०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस सात’ असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला. आम्ही इकडं बसून हसलो होतो, मी तर जास्तच. अजूनही ‘वीस सात’ कानाला बरं लागत नाही, सत्तावीस ते सत्तावीसच. पण हसायची गरज नव्हती. मोबाईल नंबर सांगताना आपण मोठी माणसं तरी कुठं सत्तावीस म्हणतो? इंग्रजीत एकेक आकडा सांगून मोकळं होतो.

रात्री दोन चौकोन आखून दिले. सत्तावीस म्हटलं की सात आधी उजव्या चौकोनात, मग वीसचे दोन डावीकडं. उलटं लिहायला मिळतंय म्हणून खूश. दहापैकी आठ बरोबर. एकोणपन्नास आणि एकोणसाठ गेले. त्यांच्यासाठी अज्जींकडून रिकाम्या कांड्या आणल्यात. दहादहाचे जुडगे रबर लावून ठेवले, उद्या पाच जुडग्यांतली एक कांडी तिलाच काढायला लावणार.

गुरुवार

आज वाचन. पेपरातले मोठे मथळे वाचायला दिले. ‘सर्व’ला ‘सवर’, ‘कर्नाटक’ला ‘कनारटक’. परवा असती तर ओरडले असते. आज म्हटलं, हा रफार बसतो ‘ना’च्या डोक्यावर, पण बोलायचा त्याच्या आधी.

तिनं बोट ठेवून पुन्हा वाचलं. क... र्... ना. मग विचारलं, ‘म्हणजे हा पण सत्तावीससारखाच?’

मला हसू आलं. हो म्हटलं, तसाच.

थोड्या वेळानं ‘किती’ लिहिता लिहिता थांबली. ‘आई, वेलांटी आधी काढायची आणि म्हणायची मागनं. ही पण लबाड.’ एवढी वर्षं मराठी लिहितेय, माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

मग तिनंच माझी परीक्षा घेतली. एकोणऐंशी कसं लिहायचं, सांग. मी पेन उचललं आणि क्षणभर अडखळले. तिनं ते बघितलं.