सरांचे टाळ

लोणंदच्या पालखीतळावर पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि पाठीवरच्या सॅकमध्ये दोन टाळ एकमेकांवर वाजू नयेत म्हणून मी मध्ये टॉवेल घातला होता. दिंडी शोधायला दीड तास लागला. ज्याला विचारावं तो "हितनं सरळ जावा माऊली" म्हणायचा, आणि सरळ म्हणजे कुठं ते त्या गर्दीत देवालाच ठाऊक. शेवटी एका ट्रकच्या फाळक्यावर नंबर दिसला. खाली एक म्हातारे गृहस्थ पायाला खोबरेल चोळत बसले होते. मी कॉलेजचं, सरांचं नाव सांगितलं. त्यांना कळेना. मग सॅकमधून टाळ काढले.

"आरं, हे तर मास्तरांचं!" ते म्हणाले. तोंडाकडं न बघता त्यांनी माणूस टाळांवरून ओळखला.

सर मार्चमध्ये गेले. मी अंत्यविधीला गेलो नाही. बँकेत मार्चएंड होता. हे नुसतं निमित्त आहे हे मला तेव्हाही कळत होतं, पण तेच सांगितलं. खरं म्हणजे मी गेली दहा-बारा वर्षं त्यांना टाळतच होतो. एकदा सांगलीच्या बाजारात ते समोरून येताना दिसले आणि मी शेजारच्या भांड्यांच्या दुकानात शिरून एक गरज नसलेलं पातेलं घेतलं. त्यांनी काही विचारलं असतं असं नाही. "गातोस का?" एवढंच विचारलं असतं, आणि त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

जूनमध्ये सरांच्या बायकोचा, काकूंचा, फोन आला. मी घरी गेलो तर त्यांनी पिशवी पुढं केली. "हे दिंडीचे आहेत. पोचवायचेत." मी म्हटलं, लोणंदला नेऊन देतो, रविवारी जाऊन येतो. त्या म्हणाल्या, "लोणंदला नाही. पंढरपूरला. ते चालत नेत, तू एसटीनं नेणार का?" काकू आयुष्यभर सरांपेक्षा कमी बोलल्या, पण बोलल्या की विषय संपायचा. दहा दिवसांची रजा टाकली.

आमचं कॉलेज सांगलीकडचं. संगीताची खोली जिमखान्याच्या मागं, एनसीसीच्या कोठाराला लागून. सकाळी तिकडं परेड आणि इकडं भैरव. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी, संगीत हा ऐच्छिक विषय, तोही वेळापत्रकात बसत होता म्हणून घेतलेला. वर्गात सहा जण. जूनमध्ये कॉलेज उघडायचं आणि सर नसायचे. ऑफिसात विचारलं की "रजेवर" एवढंच कळायचं. आषाढी झाली की चार दिवसांनी उगवायचे, काळे ठिक्कर पडलेले, आणि आवाज पार बसलेला. घोगरासुद्धा नाही, नुसती हवा. पुढचे पंधरा दिवस ते गाऊन दाखवू शकत नसत. मग काय करायचे, तर आम्हालाच गायला लावायचे आणि समोर बसून ऐकायचे. चुकलं की एक बोट वर. परत. बोट वर. परत. पहिल्या वर्षी आम्हाला ही कामचुकारी वाटली होती.

त्याच पंधरवड्यात त्यांचा एक खेळ चालायचा. तंबोरा छेडत ठेवायचे, आणि सगळे रंगात आले की चारही तारांवर एकदम तळवा ठेवून तो बंद करायचे. खुणेनं विचारायचे, आता काय ऐकू येतं? मी पहिल्या वेळी म्हणालो, "काही नाही." त्यांनी बोटानं दार दाखवलं. पुढचा अर्धा तास मी एनसीसीची परेड बघत उभा होतो.

तंबोरा मिरजेचा होता. सर आम्हाला वर्षातून एकदा मिरजेच्या सतारमेकर गल्लीत न्यायचे. तिथं छताला भोपळे टांगलेले असत, भोपळ्यांखाली माणसं मांडी घालून तारांखालच्या घोडीला कानस मारत बसलेली. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी हे काम मिरजेत सुरू केलं, ही गोष्ट सर दरवर्षी तितक्याच कौतुकानं सांगत. आणि एक त्यांची लाडकी कोटी होती. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकतात. "म्हणजे बघा, मिरजेला येऊन खाँसाहेबांच्या मांडीवर बसण्याआधी हा विठोबाचा शेजारी." खाँसाहेब म्हणजे अर्थात अब्दुल करीम खाँ. गल्लीतून आम्ही दर्ग्याच्या आवारात त्यांच्या कबरीपाशी जायचो आणि मग भडंग खायचो. १९३७ साली मद्रासजवळच्या एका छोट्या स्टेशनवर अस्वस्थ वाटलं म्हणून खाँसाहेब उतरले, फलाटावर तंबोरा जुळवून घेतला, आणि गातागाताच गेले असं सांगतात. सर ही गोष्ट सांगताना तंबोरा जुळवण्यापाशी थांबायचे. "आधी जुळवला. घाई केली नाही."

सर स्वतः घरी, रात्री झोपेत गेले.

लोणंद ते पंढरपूर मला रोज किती चालावं लागलं याचा हिशेब सांगत नाही. तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी ही नावं आता मला पावलांत पाठ आहेत. रिंगणाबद्दलही सगळेच लिहितात. चांदोबाच्या लिंबाला मी घोडा पाहिलाच नाही, पुढच्या माणसाच्या टोपीवरचं गंध पाहिलं आणि उडालेली माती नाकात गेली.

माझी खरी पंचाईत टाळांची झाली. विशारदची परीक्षा दिलेला माणूस मी. तीनताल, एकताल, झपताल हातावर मोजतो. आणि भजनाच्या आठ मात्रांच्या साध्या ठेक्यात, चालता चालता, मला टाळ वाजवता येईना. बसून येत होते. उभं राहून येत होते. पाऊल उचललं की सगळं विस्कटायचं. हात मात्रा मोजायचे, पाय रस्त्यावरचे खड्डे मोजायचे, आणि दोघांची समेवर गाठच पडायची नाही. शेजारचे टाळकरी तासगावकडचे द्राक्षबागायतदार. त्यांनी दोन दिवस सहन केलं. तिसऱ्या दिवशी बरडच्या अलीकडं म्हणाले, "सायेब, मोजताय काय सारखं? ही काय बँक हाय व्हय?"

मग त्यांनी मला रांगेत आतल्या बाजूला घेतलं, दोन्हीकडं टाळ आणि मागं मृदंग. धुमेवर, म्हणजे मृदंगाच्या डाव्या तोंडावर, ताजी कणीक लावलेली होती, त्यामुळं तो आवाज कानात येण्याआधी पाठीत यायचा. अर्ध्या तासानं कधीतरी हात आपोआप पडायला लागला. कधी ते कळलं नाही, आणि कळलं तेव्हा लगेच चुकलो.

गळ्याचंही तेच. सर आम्हाला काळी एक या पट्टीच्या वर चढू द्यायचे नाहीत, "गळा म्हणजे भाड्याचं घर नव्हे" म्हणायचे. इथं सगळी दिंडी काळी चारला, काही वेळा त्याच्याही वर. पेटी नाही, तंबोरा नाही. विणेकऱ्याची वीणा कानाला लागण्यापुरती. म्हणजे हा माणूस अकरा महिने आम्हाला गळा जपायला सांगायचा आणि बाराव्या महिन्यात स्वतःचा उधळून यायचा. फलटणला मुक्कामी काकूंना फोन केला. माझा आवाज ऐकून त्या म्हणाल्या, "बसला ना? बरं झालं. मिठाच्या गुळण्या करू नकोस, तेही करत नसत."

दिंडीत सरांना गाणं येतं हे सगळ्यांना माहीत होतं, पण किती येतं ते नव्हतं. विणेकरीबुवांना मी विचारलं, मास्तर कधी चाल सांगायचे का, पुढं होऊन अभंग घ्यायचे का. ते म्हणाले, "बावीस वर्सांत न्हाई. लई आग्रेव केला. म्हनायचे, मी वर्सभर सांगतोच की, इथं मागं म्हनायला येतो." सर दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरे असत. दुपारच्या जेवणाला पाण्याची कळशी घेऊन पंगतीत फिरत. रात्री ट्रकाखाली झोपत, कारण राहुटीत घोरणारे फार.

एक गोष्ट मात्र त्यांनी मला वर्गात सांगितली होती आणि ती इथं डोळ्यांनी पाहिली. प्रहरांचे राग शिकवताना ते म्हणायचे, वारकऱ्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा पक्कं आहे. पहाटे काकडा, मग भूपाळ्या, वासुदेव, आंधळे-पांगळे, उन्हं चढताना गौळणी, संध्याकाळी हरिपाठ, शिवाय प्रत्येक वाराचे अभंग वेगळे. त्यात ढवळाढवळ चालत नाही. आम्ही वहीत लिहून घेतलं होतं. परीक्षेत आलं नाही.

आता बरडची संध्याकाळ.

मुक्कामाला पालखी पोचली की समाजआरती होते. सगळ्या दिंड्या तळावर पालखीभोवती गोल उभ्या राहतात आणि आपापलं भजन चालू ठेवतात. म्हणजे हजारो टाळ, शेकडो मृदंग, प्रत्येकाची लय वेगळी. तो गोंगाट नसतो, पण शब्दही सापडत नाही. मग चोपदार दंड उंच करतात आणि सगळं एका क्षणात थांबतं. कुणाची तक्रार असेल, काही गाऱ्हाणं असेल, तर ती दिंडी तेवढी टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडं जातात, विचारतात, निवाडा होतो. मग हरवल्या-सापडल्याचं सांगतात, दुसऱ्या दिवशी निघायची वेळ सांगतात, आणि आरती.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दोन संध्याकाळी मी मागं, ट्रकापाशी पाय शेकत बसलो होतो. बरडला प्रथमच रांगेत उभा होतो. हात नुकता लागलेला, डोळे मिटलेले. दंड वर गेला. सगळं थांबलं. आणि त्या शांततेत मी दोनदा वाजवले.

कण्ण. कण्ण.

पुढच्या रांगेतल्या माना वळल्या. पलीकडची दिंडी आमच्याकडं बघायला लागली. चोपदारांची नजर इकडं. द्राक्षबागायतदारांनी माझं मनगट धरलं आणि दातांतून म्हणाले, "काय तक्रार हाय का तुमची?" बुवांनी पुढून हात हलवला, काही नाही, काही नाही. चोपदार हसले असावेत. मला जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

पण टाळ थांबले नव्हते. हात थांबला होता, कासं अजून थरथरत होतं, मुठीत मुंग्या आल्यासारखं. आणि मग ऐकू यायला लागलं. लांब कुठं पाण्याच्या टँकरचं इंजिन. एक तान्हं मूल. वाऱ्यानं फडफडणारी पताका. कुणाच्या तरी दम्याचा श्वास. आणि या सगळ्याच्या खाली, मघाशी थांबलेल्या त्या सगळ्या टाळांचं काहीतरी उरलेलं, आवाज म्हणता येणार नाही असं, जे तंबोऱ्यावर तळवा ठेवल्यावर भोपळ्यात उरायचं. कॉलेजात असताना मी त्याला "काही नाही" म्हणालो होतो आणि परेड बघायला गेलो होतो.

आरतीनंतर खूप बोलणी खायची तयारी केली होती. बागायतदार एवढंच म्हणाले, "दंड वर गेला की टाळ छातीला लावायचे. मास्तर लावायचे तसे." दुसऱ्या दिवशी नातेपुत्याला लावले. धातू थंड होता आणि शर्टाच्या बटणाला अडकला. थरथर मुठीतून गेली आणि बरगड्यांत शिरली.

वेळापूरच्या पुढं एका विसाव्याला मी टाळ नीट न्याहाळले. एकाच्या काठाला टवका गेलेला. त्यामुळं त्याचा स्वर जोडीदारापेक्षा जरासा चढा. सरांसारख्या माणसानं, ज्यांना आमच्या निषादातला केसाएवढा फरक खुपायचा, त्यांनी ही जोडी बावीस वर्षं का ठेवली असेल? बुवांना विचारलं तर म्हणाले, पहिल्याच वर्षी त्यांच्याच हातून पडला होता, नवे देतो म्हटलं तर नको म्हणाले. मग दोरीकडं लक्ष गेलं. टाळ जोडणारी दोरी म्हणजे कापडाची पट्टी होती, पीळ देऊन शिवलेली. मेंदी रंगाची जाड खादी, एका जागी निळा शाईचा डाग. तो डाग माझा होता. दुसऱ्या वर्षी वर्गात माझं पेन तंबोऱ्याच्या गवसणीवर, त्या कापडी खोळीवर, फुटलं होतं आणि सर आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते.

पंढरपुरात दर्शनाची रांग किती होती ते सांगण्यात अर्थ नाही. मी कळसाचं दर्शन घेतलं, चंद्रभागेत पाय बुडवले, आणि संध्याकाळी दिंडीच्या मठात गेलो. कोपऱ्यात पत्र्याची पेटी उघडी होती, टाळांच्या जोड्या ओळीनं लावलेल्या. बुवांनी माझ्याकडून सरांची जोडी घेतली, दोरी ओढून पाहिली.

"झिजलीया. फुडल्या वर्सी बदलावी लागंल. नायलॉनची घालतो."

"नायलॉन नको," मी म्हणालो. "काकूंकडं ती गवसणी असेल अजून. मी घेऊन येतो."

त्यांनी जोडी पेटीत ठेवली, डावीकडून तिसरी.

घरी येऊन सात दिवस झाले. आवाज अजून बसलेला आहे. काल बँकेत एका खातेदार बाईंनी काउंटरवर विचारलं, "साहेब, बोलत का नाही?" मी पासबुक पुढं केलं आणि एक बोट वर केलं.