काकूंची अळंबी

काकू कागलहून आमच्या किरणोत्सर्ग मोजणाऱ्या प्रयोगशाळेत स्टीलचा डबा घेऊन आल्या. मुलगा जपानात, 2011 ला अणुवीज केंद्राचा अपघात झाला त्या फुकुशिमा प्रांतात, कोरियामाला नोकरीला. शेजारच्या आजोबांनी डोंगरातून आणून वाळवलेली अळंबी त्यानं आईला पाठवलेली. "तिथलं अजून गेलं न्हाई म्हणत्यात. तेवढं बघा की ओ साहेब."

वाळलेली अळंबी कापसासारखी हलकी. मिक्सरमधून काढून डब्यात अशी दाबायची की घनता आमच्या प्रमाण नमुन्याशी जुळावी, नाहीतर आकडा फसवा. मला यात तीन तास गेले. तोवर सहकाऱ्यानं चिमूटभर भुकटी जुन्या सोडियम आयोडाइडच्या ढोबळ यंत्रावर ठेवली आणि किरणांच्या ऊर्जेच्या आलेखावर 605 keV जवळचा फुगवटा बघून "किरणोत्सर्गी सीझियम-134, अपघाताचंच" म्हणून मोकळा झाला. ही घाई मला खपत नाही. जवळजवळच्या रेघा वेगळ्या दाखवणाऱ्या जर्मेनियमच्या यंत्रावर रात्रभर मोजलं तेव्हा तोच फुगवटा 609 वर निघाला. ते बिस्मथ-214, जमिनीतून येऊन पावसाळ्यात बंद खोलीत साचलेल्या रेडॉन वायूचं. सीझियम-134 ची 796 ची रेघ कुठंच नव्हती. 662 ला मात्र सीझियम-137 सुईसारखं उभं. किलोला 310 बेकरेल, म्हणजे सेकंदाला तितके अणू फुटतात.

जपानची खाण्याच्या जिनसांची मर्यादा किलोला 100 बेकरेलची, पण वाळलेल्या अळंबीला ती भिजवल्यानंतरच्या वजनावर लावतात. भिजून वजन पाच-सहा पट होतं, म्हणजे ही मर्यादेत बसते.

पण हे 137 आलं कुठून? 2011 ला दोन्ही सीझियम जवळपास सारखीच बाहेर पडली. 134 दर दोन वर्षांनी निम्मं होतं, 137 ला तीस वर्षं लागतात. जुन्या अणुचाचण्यांचं 137 तर जगभरच्या मातीत आहे. ओळख पटवणारं 134 च विझलंय. माझ्या मनानं हे अपघाताचंच. कागदावर तसं लिहिता येईना.

वरिष्ठ म्हणाले, "'आढळले नाही' लिहा, बाईंना कशाला घाबरवता?" मी आकडा लिहिला. नुसता धीर घ्यायला काकू एसटीनं आल्या नव्हत्या.

"माझं ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या, "त्यो दर आठवड्याला खातोय, त्याचं काय?"

तिथं घरं, शेतं साफ केली, जंगलं बहुतेक तशीच राहिली. पालापाचोळ्यातलं सीझियम अळंबी ओढून घेते. बाजारातला माल तपासलेला असतो, आजोबांचा नव्हे. तिथल्या नगरपालिका रहिवाशांना घरचं, रानातलं मोजून देतात. हे सगळं मी त्यांना अहवालाच्या पाठीमागं मोठ्या अक्षरात लिहून दिलं, फोनवर वाचून दाखवायला.

त्यांनी दोनदा वाचलं. "आजोबांनी मायेनं दिलेलं असं मोजायला न्यायचं? त्यास्नी काय वाटंल ओ?"

मला काहीच सांगता आलं नाही.